ताडोब्याजवळ वावर (शेत) असणं फायद्याचं आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे: 'ताडोब्यामुळे आजूबाजूच्या गावांत पर्यटनाचा पैसा येतो, जमिनीचे भाव चढलेत, मग तिथले शेतकरी वन्यप्राण्यांवर एवढे का चिडतात?'

माझं वावर साडेतीन एकर, चिमूर तालुक्यात. जवळचं सफारी गेट 22 किलोमीटरवर. खरी गोम या 22 किलोमीटरांत आहे. गेटाला लागून जमीन असलेल्यांकडे रिसॉर्टवाले येतात, त्यांची पोरं गाईड होतात, जिप्सी चालवतात. बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांसाठी सरकारची जन-वन विकास योजना आहे. माझ्याकडे रोही (नीलगाई) येतात, डुकरं येतात, नाल्यानं वाघसुद्धा जातो. पर्यटक तेवढा येत नाही.

भरपाई मिळते ना, असं शहरातले लोक विचारतात. मिळते. तीन दिवसांत कळवायचं, मग पंचनामा. मागच्या हिवाळ्यात रोह्यांनी तुरीचे शेंडे फुलोऱ्यासकट खाल्ले. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा झाडं हिरवीगार उभी. एक जण म्हणाला, "शेंडे तर तुम्हीच खुडता ना?" खुडतो की, पण पेरल्यावर दीड-दोन महिन्यांत, फांद्या फुटाव्या म्हणून. फुलावर आलेल्या तुरीचा शेंडा गेला म्हणजे शेंगा गेल्या. कागदावर नुकसान अगदीच किरकोळ निघालं.

आणि हे खाल्लेल्याचं झालं. न पेरलेल्याचं काय? दोन वर्षं झाली, मी हरभरा पेरणं सोडलंय. त्या ओलिताच्या एकराचं उत्पन्न बुडालं, पण जे उगवलंच नाही त्याचा पंचनामा कोण करणार? जागलीला (रात्रीच्या राखणीला) मजुरी देऊनही माणूस येत नाही, म्हणून थंडीत माळ्यावर बॅटरी घेऊन मीच बसतो. त्या रात्रींचाही कुठं हिशोब नाही.

आता धोरणाचं. कोअरमधून, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून, गाव उठवायचं तर सरकारनं दर ठरवलाय: 2008 पासून कुटुंबामागे 10 लाख, 2021 मध्ये तो 15 लाख झाला. दर पुरेसा आहे का, हा वेगळा वाद. पण दर आहे. दोन जंगलांमधल्या वावरांना मात्र दरच नाही, आणि वाघ चालतो तो इथूनच. 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक रेडिओ कॉलर लावलेला वाघ फिरत फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, सुमारे 1300 किलोमीटर. एवढी वाट काही अभयारण्यातून जात नाही. नाले, धुरे, पऱ्हाटी (कपाशी) यांतूनच तो गेला.

माझ्या नाल्याकाठी दहा गुंठे पळस-बोरीची झाडी आहे. ती ठेवली तर मला शून्य. जेसीबी लावून सपाट केली तर सोयाबीनचे चार पैसे, वर डुकरांना लपायला जागा नाही. हिशोबानं पाहिलं तर तोडणंच शहाणपणाचं. मला वाटतं, अशा पट्ट्याला एकरी वार्षिक भाडं द्यावं, मोजणी करून, थेट खात्यात. मात्र लेखी हमीसह, कारण गावात भीती वेगळीच आहे: आज भाडं घेतलं, उद्या तोच सातबारा दाखवून विहीर खोदायला मनाई आली तर?

शेजाऱ्यानं त्याचा काठ मागच्या मे महिन्यात साफ केला. जेसीबीवाला मलाही विचारून गेला. त्याला दिवाळीनंतर सांगतो म्हणालोय.