‘त्या वेळी माझ्याजवळ कोणी असेल ना?’

सातवा महिना संपत आलेली एक बाई समुपदेशनासाठी माझ्याकडे आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रार एकच, झोप लागत नाही. खोदून विचारल्यावर कळलं, तपासणीला दर वेळी नवी मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण), दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटच्या खेपेला तर मिडवाइफच्या दोन जागा रिकाम्याच असल्याचं कानावर पडलं. ‘‘कळा सुरू झाल्यावर माझ्याजवळ कोणी असेल ना?’’ गरोदर बायका हे फार विचारतात, शब्द तेवढे बदलतात.

पहिल्या भेटीत मी चुकले. चिंता म्हटली की श्वासाचा व्यायाम, हा माझा शिरस्ता. तिने दहा मिनिटं निमूटपणे केला आणि म्हणाली, ‘‘ताई, श्वास येतो मला. उत्तरं मिळत नाहीत.’’

पर्समधून तिने चार घड्या घातलेला कागद काढला. नऊ प्रश्न. पहिल्या दोनांवरच बरोबरची खूण. मागच्या बाळंतपणात अंगावरून खूप गेलं होतं, ते पार सातव्या ओळीत!

तिची भीती मनाचे खेळ नव्हते. मिडवाइफरीच्या स्थितीवरच्या २०२१च्या जागतिक अहवालानुसार जगात सुमारे ९ लाख मिडवाइफ कमी आहेत. शिकलेली मिडवाइफ बाळंतपणाबरोबर गरोदरपणातल्या तपासण्या, स्तनपान, गर्भनिरोधन हेही बघते. माणसं कमी पडली की पहिली कात्री बोलण्याच्या वेळेला लागते, असं मला तरी दिसतं. अशा बाईला ‘चांगले विचार करा’ म्हणणं म्हणजे तिलाच खोटं पाडणं.

मग आम्ही तो कागदच नव्याने लिहिला. रक्तस्रावाची ओळ लाल शाईने सगळ्यात वर, खाली रक्तगट, ॲलर्जी. प्रश्न तीनच. सोबतीला कोण? नवऱ्याला रक्त बघवत नाही, म्हणून बहीण. बाईने निवडलेलं माणूस प्रसूतीच्या वेळी सोबत असावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसच आहे. पण बहीण म्हणजे मिडवाइफ नव्हे, हेही मी बजावलं. रक्त जाणं, तीव्र डोकेदुखीबरोबर धूसर दिसणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच निघायचं.

बाळंतपणानंतर दीड महिन्याने ती बाळाला घेऊन आली. कळा रात्री दोनला सुरू झाल्या, मिडवाइफ कधी न पाहिलेली. ‘‘तिने आधी कागद वाचला. लाल ओळीवर बोट ठेवून म्हणाली, याची तयारी ठेवते.’’

झोप? आता बाळ लागू देत नाही.

तिसरा प्रश्न मात्र राहिलाय: पुढचं मूल लांबवायला काय वापरू? त्यासाठी दवाखान्यात वेळ मिळालीय, पाच आठवड्यांनंतरची. तोवर काय करायचं ते विचारायला मी तिच्यासमोरच तिथे फोन लावला. बराच वेळ नुसती रिंग वाजत राहिली.