डर्ट बाईकची प्लग कॅप घेताना गाडीचं नाव सांगू नका, प्लगवरचा नंबर वाचा

तुमचा प्रश्न असा आहे: सेकंडहँड डर्ट बाईक आहे, मॅन्युअल नाही, अनेर नदीतून गाडी काढली की पलीकडे मिस मारते (मध्येच ठिणगी चुकून अडखळते), थोड्या वेळाने आपोआप नीट होते. प्लग नवा टाकून झाला. आता प्लग कॅप, म्हणजे वायरच्या टोकाला असलेली आणि स्पार्क प्लगवर बसणारी टोपी, बदलायची आहे, पण चोपड्यात दुकानदार म्हणतात की कोणतीही बसते.

भाऊ, बसते, पण चालत नाही. बसणं आणि पाणी आत न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या गाडीत माझा संशय कॅपच्या रबरी सीलवरच आहे. ओलं झाल्यावर मिस आणि सुकल्यावर ठीक, हे कॅपमध्ये पाणी शिरल्याचं नेहमीचं लक्षण. पाणी आणि त्यातला गाळ मिळून करंटला सोपी वाट करून देतात. मग तो प्लगच्या टोकापर्यंत जाण्याऐवजी प्लगच्या चिनीमातीवरून इंजिनच्या हेडमध्ये उतरतो. (कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लो नळ्या पाण्यात बुडत असतील तरी गाडी अडखळते, तेही एकदा बघून घ्या.)

आता कॅप निवडायची कशी ते सांगतो. प्लग काढा, पुसा, त्यावरचा कोड वाचा. एनजीके कंपनीचा प्लग असेल तर पहिलं अक्षर आट्यांचं माप सांगतं: बी म्हणजे १४ मिलिमीटर, डी म्हणजे १२, सी म्हणजे १०. उदाहरणार्थ बीआर८ईएस हा १४ मिलिमीटरचा, सीपीआर८ईए-९ हा १० मिलिमीटरचा. त्यातलं आर म्हणजे प्लगच्या आतच रेझिस्टर (करंटला अडथळा करणारा भाग) आहे.

एनजीकेच्या कॅपचा कोडही असाच वाचता येतो. एलबी०५एफ घ्या. पहिलं अक्षर वळणाचं: एल म्हणजे काटकोन, एक्स म्हणजे १०२ अंश, व्ही म्हणजे १२० अंश, एस म्हणजे सरळ. दुसरं अक्षर प्लगच्या मापाचं: बी असेल तर १४ मिलिमीटरच्या प्लगसाठी, डी असेल तर १० आणि १२ साठी. ०५ म्हणजे कॅपमधल्या रेझिस्टरचा अडथळा ५,००० ओहम. शेवटचं एफ म्हणजे वरचा नट काढून नुसत्या आट्यांच्या दांडीवर बसणारी कॅप, आणि ई म्हणजे नट असलेल्या किंवा एकसंध टोकावर बसणारी.

दुसरं अक्षर बहुतेकजण बघत नाहीत, आणि आपल्याकडे तेच सगळ्यात महत्त्वाचं. बी कॅप सी प्लगवर ढकलली तर आतली क्लिप टोकाला पकडेलही, गाडी सुरूही होईल. पण खालचं रबर प्लगच्या पांढऱ्या भागाला घट्ट बिलगणार नाही. पुण्यातल्या डांबरी रस्त्यावर त्याने फार काही बिघडणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याला नदी-नाल्यांतून गाडी घालणाऱ्याला मात्र ती फट पहिल्याच पावसात कळते. उन्हाळ्यात तीच फट काळ्या मातीची धूळ आत घेते, आणि पावसाळ्यात त्या धुळीचा चिखल होतो.

नटाकडेही नीट बघा. नवीन प्लगच्या डब्यात तो बऱ्याचदा सुटा किंवा हाताने फिरवलेला असतो. एफ कॅप असेल तर काढून टाका, ई असेल तर पकडीने घट्ट करा. ढिला नट खडकाळ वाटेवर हलतो, मध्येच ठिणगी पडते, आणि माणूस दोष कार्ब्युरेटरला देतो.

वळण कोणतं हवं ते गाडी बघून ठरवा. कॅप बसवल्यावर वायर टाकीच्या खाली दाबली जाता कामा नये, सायलेन्सरच्या पाईपजवळ जाता कामा नये, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं तरी ताणली जाता कामा नये. प्लग खोल विहिरीसारख्या खड्ड्यात असेल तर आखूड काटकोनी कॅप पोहोचतच नाही. आणि काही नव्या मोटोक्रॉस गाड्यांत ठिणगीचा करंट तयार करणारी कॉईल आणि कॅप एकाच दांड्यात असतात. तुमची तशी असेल तर हा सगळा हिशेब सोडा, तो पूर्ण दांडाच बदलावा लागतो.

रेझिस्टरबद्दल एक गैरसमज जागोजागी ऐकू येतो: तो काढला की करंट जोरात येतो. तसं होत नाही. ठिणगी पडेपर्यंत वायरमधून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे ५,००० ओहमवर व्होल्टेज फारसं खर्चही होत नाही. रेझिस्टरचं काम ठिणगीतून उठणारा रेडिओ गोंगाट दाबण्याचं आहे. तो दबला नाही तर सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा), डिजिटल मीटर किंवा इंजेक्शनची ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गोंधळू शकते. म्हणून बिनरेझिस्टरची कॅप स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आर प्लग आणि ०५ कॅप दोन्ही एकत्र असणं चुकीचं नाही, कित्येक गाड्या कंपनीतूनच तशा येतात.

पैसे टाकण्याआधी जुनी कॅप तपासा. ती ओढू नका, वायरवरून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काढा. मल्टिमीटर २० के (२०,००० ओहम) वर ठेवून एक टोक वायरकडच्या स्क्रूला, दुसरं प्लगकडच्या क्लिपला लावा. पाचच्या (म्हणजे ५,००० ओहमच्या) आसपास आकडा आला तर रेझिस्टर ठीक. काहीच दाखवलं नाही तर तो आतून तुटला आहे. अशी कॅपही कधीकधी गाडी चालवते, कारण ठिणगी त्या तुटीवरून उडी मारते, पण दिवसेंदिवस ती तूट वाढत जाते. रबर दोन बोटांत दाबून बघा. भुसावळ-जळगावकडचं उन्हाळ्यातलं ४५ अंशांचं ऊन आणि वर इंजिनची धग, यात रबर कडक होऊन चिरा पडतात. चिरा दिसल्या तर आकडा कितीही छान असला तरी कॅप फेका.

बसवताना एचटी वायरचं (कॉईलकडून कॅपकडे येणाऱ्या जाड वायरचं) टोक पाचेक मिलिमीटर कापा, म्हणजे हिरवी पडलेली तांब्याची तार निघून जाईल. आधी वायरवर मागचं रबर चढवा, मग कॅप घड्याळाच्या दिशेने फिरवत घट्ट करा, स्क्रू तारेच्या बरोबर मधोमध शिरला पाहिजे. दोन्ही रबरांच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. बेअरिंगचं साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

मग रात्री अंधारात, मोकळ्या जागेत गाडी सुरू ठेवून कॅपवर फवाऱ्याने थोडं पाणी मारा. हात लावू नका, झटका जबर बसतो. निळ्या रेषा चमकल्या तर करंट अजून गळतो आहे. काहीच दिसलं नाही तर अनेरमध्ये घालायला हरकत नाही.

प्लगवरचा पूर्ण कोड, टोकावर नट आहे की नाही, आणि प्लग हेडमध्ये उभा आहे की तिरका, एवढं लिहा. कॅपचा नेमका नंबर सांगतो.