हाही बापावरच जाणार का?

"ताई, हा बापावरच गेलाय."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या सुनंदाताई खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या, तेवढ्यात हे वाक्य आलं. दाराबाहेरच्या बाकावर त्यांचा मुलगा ओंकार बसला होता. पंधरा वर्षांचा, दहावीतला, दप्तर मांडीवर घट्ट धरून. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्या बोलल्या होत्या. मी उठून आधी दार लोटलं.

घडलं होतं ते असं. आदल्या रविवारी आठ वर्षांच्या बहिणीनं मोबाइल दिला नाही म्हणून ओंकारनं तिच्या कानाखाली मारली. आई मध्ये पडली, तर तिच्यावर हात उगारला आणि म्हणाला, "आवाज खाली." हे दोन शब्द नवऱ्याचे. लग्न झाल्यापासून सुनंदाताई ते ऐकत आल्या होत्या. "ह्यांच्या माराची अंगाला सवय झालीय," त्या म्हणाल्या, "पण पोराच्या तोंडून तेच आलं आणि माझे पाय गळाले."

मनगट मोडलं तेव्हा त्या कुठे गेल्या नव्हत्या. दवाखान्यात "मोरीत घसरले" असं सांगितलं होतं. मुलानं हात उगारला तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी कामावर खाडा करून आल्या. असं खूपदा पाहते मी. स्वतःसाठी बाई उंबरा ओलांडत नाही, पोरासाठी ओलांडते.

नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. गाव यंत्रमागाचं, एवढंच सांगते. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर, विटा, अशी गावं आपल्याकडे काही कमी नाहीत. त्यांचा प्रश्नही त्यांच्या एकटीचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यानं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं होतं. अशा कितीतरी घरांत पांघरुणाखाली डोळे मिटून जागी असलेली मुलं असतात. त्यांच्या आया मला विचारतात, "रक्तातच असतं का हो हे?", "उद्या सुनेला असंच मारील का?"

मी ओंकारला आत बोलावलं. आईला बाहेर बसायला सांगितलं. त्याला आधी एक गोष्ट स्पष्ट सांगितली: तू इथे जे बोलशील ते आईला सांगणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला गप्प राहता येणार नाही. त्यानं मान हलवली आणि पुढची वीस मिनिटं एक शब्द बोलला नाही. मीही रेटलं नाही. अशा मुलांना घरी प्रश्नांचा मारा झालेला असतो: काय बघतोस, कुणाला सांगितलंस, कुणाच्या बाजूनं आहेस.

शेवटी कोरा कागद पुढे सरकवला. "तुमच्या घराचा नकाशा काढून दाखव. कोण कुठे झोपतं तेही दाखव."

त्यानं पट्टीनं आखून दोन खोल्या काढल्या. मांडणी, मोरी, कॉट, बाहेरच्या दाराची कडी. आई आणि बहीण आतल्या खोलीत. स्वतःला त्यानं दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर आडवा काढला.

"इथे का?"

"पप्पांना आत जायचं तर मला ओलांडून जावं लागतं. मग मला जाग येते."

मग मांडणीशेजारच्या पिठाच्या डब्यामागे त्यानं एक छोटा चौकोन काढला. मी विचारल्यावर म्हणाला, "विळी. रोज रात्री तिथे लपवतो. सकाळी आईच्या आधी उठून जागेवर ठेवतो." नंतर सुनंदाताईंना हे कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अधूनमधून विळी जागेवर सापडायची नाही, तेव्हा आपणच विसरभोळ्या झालोय, असं त्यांना वाटत होतं. (हे मी ओंकारची परवानगी घेऊनच त्यांना सांगितलं.)

अजून एक गोष्ट त्यानं सांगितली. वडील रात्रपाळीला मागावर. गल्लीत रात्रभर मागांची खडखड चालू असते आणि त्या आवाजात पोरगं निवांत झोपतं. लाईट गेली की माग बंद पडतात, पाळी अर्ध्यात सुटते आणि वडील पिऊन घरी येतात. त्यामुळे आवाज थांबला की ओंकार ताडकन उठून बसतो. दुनिया आवाजानं जागी होते, हे लेकरू शांततेनं जागं होत होतं.

शाळेत तो बाकावर डोकं ठेवून झोपायचा. शेरा काय होता? आळशी आणि उद्धट. कुणी हाक मारून खांद्यावर हात ठेवला की अंगावर धावून जायचा. ज्याचं शरीर चोवीस तास मार चुकवायच्या तयारीत असतं, त्याला अचानक झालेला स्पर्श हल्लाच वाटतो. यात उद्धटपणाचा काही संबंध नाही.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, हे रक्तात नसतं. हिंसा पाहत वाढलेल्या मुलांमध्ये पुढे हात उगारण्याचा धोका वाढतो हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण अशा घरांतली बहुतेक मुलं मोठेपणी मारकुटी होत नाहीत. ओंकार घरात दोन गोष्टी एकाच वेळी शिकत होता. आवाज चढवला की समोरचा गप्प होतो, ही एक. आईला आणि बहिणीला वाचवायचं, ही दुसरी. उंबऱ्यावर झोपणारा आणि बहिणीला मारणारा हा एकच मुलगा. पहिला आईला कधी दिसलाच नव्हता, कारण ती झोपलेली असायची.

म्हणून सुनंदाताईंना मी पहिली गोष्ट सांगितली, ती म्हणजे "बापावर गेलाय" हे वाक्य आजपासून बंद. त्यांना जरा राग आला. "मग मारलं तर काय आरती ओवाळू?" नाही. मारलं ते चूकच, ते त्याला तसंच सांगायचं: "तू पिंकीला मारलंस. या घरात मारायचं नाही, तुला नाही, कुणालाच नाही." पण तो काय आहे हे ठरवून टाकायचं नाही. पंधराव्या वर्षी पोराला रोज सांगितलं की तू बाप आहेस, तर त्याला दुसरं काही व्हायला जागाच उरत नाही. तसंच "तुमच्यासाठीच सोसतेय" हेही. आई ते मायेनं म्हणते, लेकराला ऐकू येतं की आईला मार माझ्यामुळे बसतो.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. या कामात नवीन असताना अशाच एका बारा वर्षांच्या मुलाला मी पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "तू आता मोठा, आईला जप." मला वाटलं, धीर दिला. महिन्याभरानं तो वडिलांच्या आणि आईच्या मध्ये उभा राहिला आणि कपाळाला टाके घेऊन आला. ते वाक्य मी परत कुणाला म्हटलेलं नाही. ओंकारला उलट सांगितलं, "आईला वाचवणं हे तुझं काम नाही. मोठ्या माणसांचं आहे, माझं आहे, पोलिसांचं आहे. तुझं काम बहिणीला घेऊन बाहेर पडायचं."

आणि बाहेर कसं पडायचं ते आम्ही बसून ठरवलं. शेजारच्या मावशींना विश्वासात घेतलं. आईनं "साखर संपली बघ" म्हटलं की पोरांनी काही न विचारता वाटी घेऊन मावशीकडे जायचं आणि तिथून ११२ ला फोन लावायचा. मुलांना स्वतःसाठी मदत हवी तर १०९८, बाईला १८१, हे तिन्ही नंबर त्यानं पाठ केले. आधार, रेशनकार्ड, पासबुक, शाळेचे दाखले आणि थोडे पैसे अशी पिशवी मावशींच्या कपाटात गेली. विळी लपवायची जबाबदारी आईनं स्वतःकडे घेतली. एवढं झाल्यावर ओंकार पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसला.

रागाचं काम हळू चाललं. राग यायच्या आधी अंगात कुठे काय होतं, असं विचारलं तर म्हणाला, "कान तापतात." मग ठरलं, कान तापले की तोंड उघडायचं नाही, सरळ कोपऱ्यावरच्या नळावर जाऊन तोंडावर पाणी मारायचं. कधी जमलं, कधी नाही. बहिणीची माफी माग असं मी सांगितलं नव्हतं. तो आपणहून तिला सायकलवर शाळेत सोडू लागला. पहिले दोन दिवस ती बसली नाही, तेव्हा सायकल हातात धरून तिच्या बाजूनं चालत गेला.

पिंकीबद्दल कुणीच काही विचारलं नव्हतं. ती शहाणी, गप्प, त्रास न देणारी. आठव्या वर्षी अंथरूण ओलं होत होतं आणि आई ते गुपचूप वाळत घालत होती. जी मुलं आदळआपट करतात त्यांना निदान कुणी घेऊन येतं. गप्प मुलींसाठी मला जास्त काळजी वाटते.

एक दिवस ओंकारनं विचारलं, "पप्पांना आत टाकणार का?" त्याच्या आवाजात भीती होती, सूडाची भावना अजिबात नव्हती. याच बापानं त्याला सायकल शिकवली होती, तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ कशी मारायची ते दाखवलं होतं. मुलाला बापाची भीती वाटते आणि बाप हवाही असतो. त्याला यातलं एक निवडायला लावणं हा आणखी एक मार आहे. मी म्हटलं, "पप्पांवर माया असली तरी चालतं. त्यांनी मारणं चुकीचं आहे, हेही तितकंच खरं."

सुनंदाताईंना घटस्फोट नको होता, पोलीस केसही नको होती. खोली सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे तक्रार केली तर रस्त्यावर येऊ ही धास्ती. त्यांना माहीत नव्हतं की २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, जो ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, नेमका अशा बाईसाठी केलाय. नांदत असलेल्या घरात राहण्याचा हक्क तो देतो, घर कुणाच्याही नावावर असो. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी घटनेचा अहवाल भरून अर्ज कोर्टात दिला, वकील विधी सेवा समितीकडून मोफत मिळाला. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नसते. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, इथे कितीतरी जास्त लागले. पण मारहाण करायची नाही असा अंतरिम आदेश मात्र लवकर मिळाला. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, हे नवऱ्याला समोर बसवून वाचून दाखवलं.

मधल्या काळात भावकीनं बैठक घ्यायचा घाट घातला. नवऱ्याला देवापुढे शपथ घ्यायला लावू, दोघांना समोरासमोर बसवू. मलाही बोलावलं. मार चालू असताना नवरा-बायकोला एका खोलीत बसवून बोलतं करायला मी तयार होत नाही, तिथेही झाले नाही. बाई दुपारी चारचौघांत खरं बोलते आणि त्याची किंमत रात्री एकटी मोजते. मी नवऱ्याशी वेगळं बोलले. तो तीनदा आला, मग आला नाही. सध्या धाकट्या भावाकडे राहतो, पगाराच्या दिवशी पोरांना भेटायला येतो, मावशींच्या ओट्यावर. दारू सुटलेली नाही. तो बदलेल असं मी सुनंदाताईंना सांगितलेलं नाही.

शाळेत मुख्याध्यापकांना घरातलं सगळं न सांगता इतकंच सांगितलं, की या मुलाला रात्री झोप मिळत नाही आणि त्याला मागून हात लावू नका. वर्गशिक्षिका बाईंनी त्याला खिडकीजवळ, पाठीमागे भिंत येईल असा बाक दिला. कुठल्याही उपदेशापेक्षा त्या बाकाचा उपयोग जास्त झाला.

गेल्या आठवड्यात ओंकार आला होता. आता भिंतीकडेला झोपतो. उंबऱ्यावर पिंकीचं दप्तर असतं. मी विचारलं, लाईट गेली की अजून जाग येते का?

"येते," म्हणाला. "पण उठून बसत नाही. कूस बदलतो."