अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंग करायचंय, ॲडमिशनला नक्की काय काय लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वय ३४, पुण्यातून बी.कॉम., न्यू जर्सीत एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी मागचा डिपेंडंट व्हिसा) आहात, ईएडी (नोकरी करायचा परवाना) नुकतंच हातात आलंय, दोन्ही मुलं शाळेत जातात, आणि घरापासून पंधरा मिनिटांवरच्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगची दोन वर्षांची डिग्री करायची म्हणताय. वर असंही लिहिलंय की वेबसाइटवर तर ‘ओपन ॲडमिशन’ दिसतंय, मग लोक एवढं घाबरवतात का?

मी पण कॉमर्सवालीच, सातारची. इथे आले तेव्हा बायोलॉजीशी संबंध दहावीनंतर संपलेला. २०१६ ला पहिला क्लास घेतला, २०१९ ला नर्सिंगमध्ये शिरले, २०२१ ला आरएन (लायसन्सवाली रजिस्टर्ड नर्स) झाले. म्हणजे दोन वर्षांची डिग्री मला पाच वर्षं पडली, त्यातली दीड-दोन वर्षं निव्वळ माहिती नसल्यामुळे वाया गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या ओपन ॲडमिशननेच आपली फसगत होते. कॉलेजात घेतात सगळ्यांनाच, फॉर्म भरायला अर्धा तास लागतो, आणि मेजर म्हणून ‘प्री-नर्सिंग’ निवडलं की आपण घरी फोन करून सांगतो, लागला नंबर. काही लागलेला नसतो. नर्सिंग प्रोग्रॅमची ॲडमिशन वेगळी, तिचा अर्ज वेगळा, बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदाच, आणि जागा मोजक्या कारण हॉस्पिटलात क्लिनिकलला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ट्रेनिंगला, एका इन्स्ट्रक्टरमागे मोजकीच मुलं नेता येतात (आमच्या गटात ८ जणी होतो). मी एक आख्खं वर्ष प्री-नर्सिंगला नर्सिंग समजून बसले होते. नवऱ्याने ऑफिसात पेढेसुद्धा वाटले, आता काय बोलायचं.

तर नर्सिंगच्या अर्जाआधी प्रीरिक्विझिट (आधी पुरे करायचे विषय) करावी लागतात. कॉलेजप्रमाणे थोडा फरक पडतो पण साधारण अशी: ॲनाटॉमी अँड फिजिओलॉजी एक आणि दोन लॅबसकट, मायक्रोबायोलॉजी तीही लॅबसकट, इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी आणि त्याच्या पुढचं डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स किंवा कॉलेज अल्जेब्रा, काही ठिकाणी केमिस्ट्री. कागदावर लिहिलेलं असतं की प्रत्येकात निदान सी ग्रेड आणि जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड) अडीच किंवा तीन. हे वाचून निर्धास्त होऊ नका, तो आकडा फक्त अर्ज टाकायला परवानगी देतो. जागा मिळते ती पॉइंट शीटवर (कशाला किती गुण त्याचा कॉलेजचा तक्ता) किंवा रँकिंगवर, आणि तिथे सायन्सच्या ग्रेडला सगळ्यात जास्त वजन. सीवाल्यांचा अर्ज स्वीकारतात, नंबर लागतो एवाल्यांचा.

त्यातही ए अँड पी वन, म्हणजे ॲनाटॉमी अँड फिजिओलॉजीचा पहिला भाग. या एका विषयाने माझ्या डोळ्यासमोर जेवढ्या बायका-मुलं गळाली तेवढी पुढे नर्सिंगमध्येसुद्धा नाही गळाली. नुसतं पाठांतर असेल असं वाटतं आपल्याला, पाठांतरात आपण मास्टर, पण लॅब प्रॅक्टिकल वेगळंच प्रकरण असतं. टेबलांवर हाडं, मॉडेलं, मायक्रोस्कोप मांडलेले, प्रत्येकावर एखादी पिन किंवा रंगीत चिकटपट्टी, एका टेबलापाशी मिनिटभर, घंटा वाजली की पुढे सरकायचं, मागे वळून बघायचं नाही. हाड कुठलं एवढंच नाही, उजवं की डावं, आणि त्यावरचा तो खड्डा त्याचं नाव काय, स्पेलिंगसकट. माझ्या पहिल्या प्रॅक्टिकलला खांद्याचं हाड हातात आलं, स्कॅप्युला, आणि मी ते डावं का उजवं ठरवायला शेवटी स्वतःच्या पाठीला हात लावून बघत होते तेवढ्यात घंटा. सी आली त्या सेमिस्टरला. पुन्हा घेतला तेव्हा ए आली, पण मी ज्या दोन कॉलेजांत अर्ज टाकणार होते त्यातलं एक दोन्ही ग्रेडची सरासरी धरायचं आणि दुसरं शेवटची ग्रेड धरायचं. हे मला रिपीट करायच्या आधी विचारायला हवं होतं. काही ठिकाणी तर दोनच अटेम्प्ट, तिसऱ्यांदा दार बंद. म्हणून ए अँड पी घ्याल त्या सेमिस्टरला दुसरं जड काही घेऊ नका, आणि गाडी रुळावरून उतरतेय असं दिसलं तर विथड्रॉची (विषय मध्येच सोडायची) शेवटची तारीख बघून वेळेत बाहेर पडा. हां, विथड्रॉलसुद्धा काही ठिकाणी अटेम्प्ट धरतात, तेही आधीच विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट, सायन्सला एक्स्पायरी असते. बहुतेक ठिकाणी ५ ते ७ वर्षांच्या आत केलेलं लागतं. त्यामुळे ‘आता एक घेते, धाकटा मोठा झाला की बाकीचं बघू’ हे करू नका. आधी इंग्लिश, सायकॉलॉजी, स्टॅट उरका, ती सहसा शिळी होत नाहीत, आणि सायन्स सलग घ्या.

बी.कॉम.चं काय होतं? फुकट जात नाही पण वाटतं तेवढं कामालाही येत नाही. डब्ल्यूईएस किंवा तसल्या एजन्सीकडून मार्कशीटचं इव्हॅल्युएशन करून घ्यायचं, आणि ते ‘कोर्स बाय कोर्स’ घ्यायचं, नुसतं डॉक्युमेंटवालं स्वस्त पडतं पण क्रेडिट ट्रान्सफरला उपयोगाचं नाही. माझं स्टॅटिस्टिक्स धरलं, इकॉनॉमिक्स धरलं, इंग्लिश धरलं नाही, म्हणे कॉम्पोझिशन इथलंच पाहिजे. पण खरी डोकेदुखी नावाची. मार्कशीटवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, आणि माझं तर लग्नात पाळण्यातलं नावही बदललेलं! इथल्या क्लार्कला समजावून सांगा की या तिन्ही बायका मीच. मॅरेज सर्टिफिकेट, गॅझेटची प्रत, सगळं लावलं. युनिव्हर्सिटीने मार्कशीट बंद पाकिटात सही-शिक्क्यानिशी पाठवायची असते, त्यासाठी भाऊ तीन वेळा खिडकीवर उभा राहिला, तिसऱ्यांदा साहेब जेवायला गेलेले. हे काम आजच सुरू करा, बाकी सगळं होईपर्यंत ते कसंबसं येईल.

प्रवेश परीक्षा असते, बहुतेक ठिकाणी टीज किंवा हेसी ए२. मी टीज दिली. १७० प्रश्न, २०९ मिनिटं, वाचन, गणित, सायन्स, इंग्लिश असे चार भाग. गणित आपल्याला सोपं, फक्त ती औंस, पाउंड, फॅरनहाइटची भानगड सरावाची हवी. सायन्सला ए अँड पी दोन्ही झाल्यावरच बसा, आधी बसलात तर पैसे पाण्यात. वाचनाचा भाग मला सगळ्यात अवघड गेला, कारण चारही उत्तरं बरोबर वाटतात आणि त्यांना ‘सगळ्यात बरोबर’ पाहिजे असतं. पुढे नर्सिंगच्या सगळ्या परीक्षा अशाच असतात हे नंतर कळलं.

पॉइंट शीटवर आणखी काय मोजतात ते कॉलेजवर आहे. कुठे सीएनए (नर्सच्या मदतनिसाचं) सर्टिफिकेट असेल तर जादा पॉइंट, कुठे ते सक्तीचंच, कुठे आधीच्या बॅचलर्सचे पॉइंट (तिथे तुमचं बी.कॉम. कामाला येईल), कुठे काउंटीत राहणाऱ्यांना आधी. राज्य बदललं की नियम बदलतात. कॅलिफोर्नियातली काही कम्युनिटी कॉलेजं चक्क लॉटरी काढतात, आणि जिथे पॉइंट पद्धत आहे तिथल्या यादीत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येण्याचाही मुद्दा असतो, कायद्यात त्यासाठी ज्या भाषा दिल्यात त्यात भारतीय उपखंडातल्या भाषा आहेत. म्हणजे मराठीचे पॉइंट! न्यू जर्सीत मला कोणी दिले नाहीत, पण तिकडे कोणी नातेवाईक असेल तर सांगून ठेवा.

नंबर लागल्याचं पत्र आल्यावर दुसरी यादी येते आणि ती पुरी करायला मुदत कमी असते. बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट, सीपीआरचं बीएलएस कार्ड (नुसतं ऑनलाइन केलेलं चालत नाही, बाहुलीवर हात ठेवून केलेलंच लागतं), फ्लूची लस, टीडॅप (धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची लस), गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची रक्ततपासणी, आणि हेपॅटायटिस बी. आपल्या वयाच्या बऱ्याच जणींना लहानपणी हेपॅटायटिस बी दिलेलंच नसतं, आणि ते नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात, तेव्हा पत्राची वाट न बघता घेऊन टाका.

आणि टीबी. दंडावरचा बीसीजीचा वण बघा तुमच्या, तोच इथे नडतो. कातडीखाली सुई टोचून दोन-तीन दिवसांनी सूज मोजतात ती टेस्ट बीसीजी घेतलेल्यांची उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात असा टरारून सुजला की नर्सने पट्टी लावून मोजलं आणि माझ्यापासून जरा लांब सरकली. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरची चिठ्ठी, कॉलेजच्या पोर्टलवर अपलोड, रिजेक्ट, पुन्हा अपलोड. हे टाळायचं तर सुरुवातीलाच रक्ताची टेस्ट मागा, क्वांटिफेरॉन नावाची, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

व्हिसा आणि पैसे. एच-४ वर शिकायला ईएडी लागत नाही, क्लिनिकलचा पगार नसतो त्यामुळे तेही चालतं. नोकरीला मात्र लागतं, आणि एच-४ चं ईएडी नवऱ्याच्या आय-१४० वर (ग्रीन कार्डासाठी त्याच्या कंपनीने केलेला अर्ज) उभं आहे, तेव्हा त्याची नोकरी बदलणं, रिन्यूअल हे सगळं डोक्यात ठेवूनच आखणी करा. ‘पुढे स्वतःचा एच-१ (नोकरीचा व्हिसा) करू’ असा विचार असेल तर साध्या बेडसाइड आरएनच्या जागेवर तो सहसा होत नाही, कारण त्या जागेला बॅचलर्स सक्तीची नसते. नर्सला ग्रीन कार्डचा रस्ता वेगळा आहे, शेड्यूल ए म्हणतात, पण भारताची रांग तिथेही आहेच. फेडरल मदत एच-४ वर मिळत नाही, आणि ग्रीन कार्ड आलं तरी पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) मिळणार नाही कारण तुमच्याकडे बॅचलर्स आहे, भारतातली असली तरी धरतात. फी काउंटीच्या दराने लावून घ्या, मला घराचं लीज आणि विजेचं बिल दाखवून मिळाली, पहिल्या सेमिस्टरला मी न विचारता दुप्पट भरली होती.

कोणीतरी तुम्हाला सांगेलच की बॅचलर्स आहे तर ॲक्सिलरेटेड बीएसएन (नर्सिंगची बॅचलर्स) कर, दीड वर्षात होतं. होतं खरं, पण प्रीरिक्विझिट तिथेही हीच, फी कितीतरी पट, आणि दोन लहान मुलं असताना तो वेग मला तरी झेपला नसता. एडीएन (ही आपली दोन वर्षांची डिग्री) झालं काय नि बीएसएन झालं काय, लायसन्सची परीक्षा एकच, एनक्लेक्स. निकाल ठरला की कॉम्प्युटर ती आपोआप थांबवतो, माझी ७५ प्रश्नांवर बंद पडली आणि पार्किंगमध्ये मी वीस मिनिटं नापास झाले समजून रडले, हल्ली निदान ८५ प्रश्न सोडवावे लागतात. मोठी हॉस्पिटलं बीएसएनवाल्यांना आधी बोलावतात हे खरंय, म्हणून मी नोकरीला लागून मग ऑनलाइन आरएन टू बीएसएन केलं, निम्मी फी हॉस्पिटलने भरली. न्यूयॉर्कला तर २०१७ पासून कायदाच आहे की नव्या आरएनने दहा वर्षांत बीएसएन करायचं. नदीपलीकडे नोकरी करायचा बेत असेल तर हे लक्षात असू द्या.

तुमच्या त्या मैत्रिणीबद्दल विचारलंत जिने सांगलीला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय, तिने या फंदात पडूच नये. तिने सीजीएफएनएसकडून (परदेशी नर्सचे कागद तपासणारी संस्था, हल्लीचं नाव ट्रूमेरिट) कागदांची तपासणी करून घ्यावी, राज्याच्या बोर्डाकडे अर्ज करावा, थेट एनक्लेक्सला बसावं. पुन्हा पहिलीत बसायची गरज नाही.

कॉलेज ठरवताना एकच करा, राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवर त्या कॉलेजचा एनक्लेक्सचा निकाल बघा आणि एसीईएनसारखं ॲक्रेडिटेशन (नर्सिंग कोर्सला मिळणारी मान्यता) आहे का ते बघा, कारण नसेल तर पुढे बीएसएनला अडतं. मग नर्सिंग डिपार्टमेंटच्या इन्फो सेशनला जा. कॉलेजच्या जनरल ॲडव्हायझरकडे नको, मला ‘प्री-नर्सिंग म्हणजे झालंच’ म्हणणारा तोच होता. तिथे यंदाची पॉइंट शीट मागा आणि गेल्या वर्षी शेवटचा नंबर किती पॉइंटला लागला ते विचारा. सांगतात, विचारलं तर.

आणि रक्त बघून चक्कर येते म्हणालात, तर मी लॅबमध्ये मेंढीचं हृदय कापताना खुर्चीवर बसले होते, डोकं गुडघ्यात घालून. फॉर्मलीनचा वास घरी पोळ्या लाटतानासुद्धा हाताला येत होता. आता सहा वर्षांची मुलगी शेजारी बसवून चिकन साफ करते आणि तिला एओर्टा दाखवते.