गाठीचे अन्न, रुग्णाची भाकरी आणि अहवालातील एक ओळ

प्रश्न : माझे थोरले बंधू (वय ३८) सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करतात. अचानक आकडी आल्यामुळे तपासणी केली, तेव्हा मेंदूत गाठ आढळली आणि दोन महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. अहवालात ‘ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड २, आयडीएच म्युटंट’ असे लिहिले आहे. अशी गाठ साखरेवर जगते, असे कोणीतरी सांगितल्यापासून आईने त्यांची साखर, भात आणि आता भाकरीही बंद केली आहे. ते फार अशक्त झाले आहेत. गाठ खरोखर साखरेवर जगते का? आणि आयडीएच म्हणजे काय?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : आपल्या बंधूंना मधुमेह नसेल आणि डॉक्टरांनी पथ्य सांगितलेले नसेल, तर ज्वारीची भाकरी बंद ठेवण्याचे काहीच कारण नाही, ती आजच त्यांच्या ताटात पुन्हा वाढावी. आईंची काळजी समजण्यासारखी आहे आणि त्यांनी ऐकलेल्या गोष्टीत सत्याचा अंशही आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष रुग्णाचे नुकसान करणारा आहे.

गाठीच्या पेशी साखर भराभर ओढून घेतात आणि प्राणवायू उपलब्ध असतानाही तिचे बऱ्याच प्रमाणात लॅक्टिक आम्ल करून टाकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले. मात्र निरोगी मेंदूचीही साखरेची गरज मोठी असते. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या अवस्थेत शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. आपण जेवण तोडले तरी यकृत रक्तातील साखर खाली जाऊ देत नाही. स्नायूंतील प्रथिने मोडून निघणाऱ्या अमिनो आम्लांपासूनही ते नवी साखर तयार करते. म्हणजे उपाशी राहतो तो रुग्ण. गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो. शिवाय या गाठी केवळ साखरेवर अवलंबून नसतात. ग्लुटामीन, ॲसिटेट, स्निग्धाम्ले असे जे मिळेल ते त्या वापरू शकतात. कमी कर्बोदकांच्या, म्हणजे कीटोजेनिक आहारावर अभ्यास चालू आहेत, पण त्यामुळे या रुग्णांचे आयुष्य वाढते असे अद्याप सिद्ध झालेले नाही. मेंदूची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन दिले जात असेल, तर त्याने रक्तातील साखर वाढू शकते; त्यावर लक्ष ठेवणे आवश्यक आहे, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने.

गाठ काय खाते, हे कळते कसे, असे आपल्या मनात येईल. काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून कार्बन-१३ या जड पण किरणोत्सर्गी नसलेल्या कार्बनची खूण असलेले ग्लुकोज देण्यात आले. काढलेला तुकडा तत्काळ गोठवून ती खूण कोणकोणत्या रेणूंत पोहोचली, ते तपासण्यात आले. येथे घाई महत्त्वाची असते, कारण रक्तपुरवठा तुटल्यावरही तुकड्यातील विकरे, म्हणजे एन्झाइम, काम करीत राहतात. थोडा उशीर झाला तरी लॅक्टिक आम्ल वाढते आणि हाती येणारे चित्र गाठीचे न राहता उशिराचे होते. म्हणून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचे भांडे शस्त्रक्रियागृहाच्या जवळच ठेवावे लागते. अशा अभ्यासांतून दिसले की गाठीच्या पेशी साखर तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमध्ये, पूर्णपणे जाळूही शकतात. पेशींची प्राणवायू वापरून साखर जाळण्याची यंत्रणाच बिघडलेली असते, हे वारबुर्ग यांनी दिलेले स्पष्टीकरण या गाठींच्या बाबतीत खरे ठरले नाही.

अहवालातील ‘ॲस्ट्रोसायटोमा’ म्हणजे मेंदूतील ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशींसारख्या पेशींची गाठ, ‘ग्रेड २’ ही तिच्या आक्रमकतेची खालची श्रेणी आणि ‘म्युटंट’ म्हणजे जनुकात बदल झालेली. आता आयडीएच. माझ्या मते अहवालातील सर्वांत मोलाची ओळ हीच आहे. आयसोसायट्रेट डिहायड्रोजनेज हे पेशीतील एक साधे विकर असून ते आयसोसायट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेट तयार करते. काही गाठींमध्ये त्याच्या जनुकात एकाच ठिकाणी बदल होतो आणि बहुतेक वेळा विकरातील १३२ व्या स्थानावरील अर्जिनीन या अमिनो आम्लाच्या जागी हिस्टिडीन हे दुसरे अमिनो आम्ल येते. मागावरची नक्षी ठरवणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्यावर एक भोक चुकीच्या जागी पडले की विणल्या जाणाऱ्या प्रत्येक चादरीत तीच चूक उमटते, हे आपल्या घरात निराळे सांगायला नको. बदललेले विकर अल्फा-कीटोग्लुटारेटचे रूपांतर २-हायड्रॉक्सीग्लुटारेट या पदार्थात करू लागते. निरोगी पेशीत नगण्य असलेला हा पदार्थ येथे साचत जातो, डीएनएवरील रासायनिक खुणा पुसणाऱ्या विकरांना अडवतो आणि पेशी परिपक्व होण्याचे थांबते. त्याची रचना ग्लुटामेट या मेंदूतील संदेशवाहकाशी मिळतीजुळती असते; अशा रुग्णांमध्ये आकडीने आजार उघड होणे इतके का आढळते, याचे एक कारण हेच मानले जाते.

हा जनुकीय बदल २००८ मध्ये आणि साचणारा पदार्थ २००९ मध्ये उजेडात आला. विशेष एमआरआय तपासणीत, म्हणजे एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत, तो पदार्थ चिरफाड न करताही मोजता येतो. हा बदल असलेल्या गाठी तो नसलेल्या गाठींपेक्षा सर्वसाधारणपणे सावकाश वाढतात. एवढेच नव्हे, तर त्या बदललेल्या विकराला रोखणाऱ्या व्होरासिडेनिब या गोळीला अमेरिकेत २०२४ मध्ये ग्रेड २ च्या अशाच गाठींसाठी मान्यता मिळाली आहे. ती आपल्या बंधूंना योग्य आहे का, मिळू शकेल का आणि परवडेल का, हे त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना स्पष्टपणे विचारावे.

त्या भेटीला जाताना अहवालाबरोबर गाठीच्या तुकड्याचा मेणातील ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात, कारण पुढील प्रत्येक जनुकीय तपासणी त्यावरच होईल. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो ठोकळा पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवू नये. मेण मऊ पडते. घरातील थंड, कोरड्या कपाटात फाइलीजवळच तो ठेवावा.