घर-जागा : तुमचे प्रश्न

प्रश्न : विलेपार्ले पूर्वेला जुन्या इमारतीतला वन बीएचके बघितला. मालकाने गेल्याच वर्षी घेतला, चकाचक केला आणि आता विकायला काढलाय. 'रिडेव्हलपमेंट येतेय' म्हणून भाव चढा सांगतो. घ्यावा का?

उत्तर : फॉल्स सीलिंगला भुलू नका हो! आधी इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीचा सरकारी उतारा, काढा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो आणि त्यात त्याने गेल्या वर्षी मोजलेली किंमत असते. मुंबईत सहा टक्के मुद्रांक शुल्क त्याने भरलं, ते तुमच्याकडून वसूल करणार. वर तुमचं वेगळं. किचन, टाइल्सचा खर्च कुठल्याही कंत्राटदाराला विचारा. तो सांगतोय त्या भावातून हे सगळं वजा केलं, की उरलेला आकडा त्याचा निव्वळ नफा.

मी बरीच वर्षं सोसायटीची सेक्रेटरी होते, म्हणून सांगते : नव्या सीलिंगमागे बऱ्याचदा वरच्या मोरीची गळती दडलेली असते. एक पॅनल काढायला लावाच. तो कां-कू करू लागला, तर समजून जा.

आणि रिडेव्हलपमेंट? पार्ल्याचा बराच भाग विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानं चढण्या-उतरण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यात येतो, तिथे इमारतीच्या उंचीवर मर्यादा असते, त्यामुळे ते तितकं सोपं नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने रिडेव्हलपमेंटचा ठराव केला असेल, तर त्याची प्रत मागा. नसेल, तर त्या आश्वासनाचा एक रुपयाही देऊ नका.