कंग्राळी बी.के. मधलं बी.के. म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय की बेळगावजवळच्या जागेच्या जाहिरातीत ‘कंग्राळी बी.के.’, ‘कंग्राळी के.एच.’ असं छापतात त्याचा अर्थ काय, आणि बी.के.तली जागा भारी असते का.

बी.के. म्हणजे बुद्रुक आणि के.एच. म्हणजे खुर्द, एवढंच. ब्लॉक नव्हे, कुणा मालकाची इनिशियलं पण नव्हेत (हेही ऐकलंय). दोन्ही शब्द फारसी, बुजुर्ग म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं. 1473 ला बहमनी वजीर महमूद गवानानं बेळगाव घेतलं, मग आदिलशाही आली, महसुलाच्या कागदात फारसी शिरली ती तिथंच मुरली, बुजुर्गचं आपल्या तोंडात बुद्रुक झालं. जुन्या मोडी कागदात नुसतं बु॥, खु॥ लिहायचे. इंग्रजी कागदात त्याचं बी.के., के.एच. झालं, आणि आता मराठी माणूसच ते इंग्रजी अक्षरांनी वाचतो, बुद्रुक म्हटलं की नवीन पोरं बघतच बसतात!

हीच सोय कन्नडमध्ये हिरे आणि चिक्क अशी आहे, धारवाड रोडवरचं हिरेबागेवाडी बघा, तिकडं बैलहोंगलकडं चिक्कबागेवाडी आहेच. तिसरी तऱ्हा म्हणजे शेजारचं गाव कंसात घालायचं, सुळगा (हिंडलगा) आणि सुळगे (येळ्ळूर). 2014 च्या 1 नोव्हेंबरला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं पण या शेपट्या तशाच राहिल्या.

आता भारी-हलकी. थोरलं-धाकटं हे नाव पडलं तेव्हाच्या वस्तीचं, आजच्या रेटचा त्याच्याशी काय संबंध की ओ? रेट ठरतो रस्त्यावर, शहरापासूनच्या अंतरावर, एन.ए. (म्हणजे बिगरशेती) झालंय का नाही त्यावर. एजंट बी.के. असं दाबून बोलतो म्हणून गुंठ्याला चार पैसे जास्त मोजू नका.

पण कागदावर मात्र ती दोन अक्षरं सोडून चालत नाही. महसूल खात्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं, प्रत्येकाचे सर्व्हे नंबर एकपासून वेगळे, म्हणजे समजा 48 नंबर बुद्रुकात पण असणार आणि खुर्दात पण. नुसतं ‘कंग्राळी, सर्व्हे नं. 48’ लिहिलं तर कुठली जमीन? हद्द एका गावाची आणि बोर्ड दुसऱ्याचा असंही होतं, कारण ले-आऊटवाला जे नाव खपतं ते लावतो. म्हणून संचकार (विसार) द्यायच्या आधी आर.टी.सी. मागा (महाराष्ट्रातल्या पाहुण्यांनो, तुमचा सात-बारा तो आमचा हा), त्यात गावाचं पूर्ण नाव, हिस्सा नंबर आणि एकर-गुंठे-आणे बघा. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, त्याचे 16 आणे, आणि 30 बाय 40 चा प्लॉट 1200 फूट भरतो म्हणजे गुंठ्यापेक्षा जरा जास्तच, तेव्हा ‘गुंठ्याचा रेट’ आणि ‘प्लॉटचा रेट’ वेगळे विचारा. एन.ए. झालेली आणि पंचायत हद्दीतली जागा असेल तर ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचा) उतारा पण लागतो, तिथंही बी.के. का के.एच. ते जुळवून घ्या.